बांधावरील सकस अन्न : नाचणी, शेवगा व रानभाज्या

कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गावर बदलापूर मागे पडले की वांगणी हे स्थानक लागते. एका अंगास उल्हास नदी, दुसऱ्या अंगास चंदेरीचा सुळका असलेली डोंगररांग आणि या दोहोंच्या मधल्या पट्टीत भाताची खाचरे, असे या भागाचे स्वरूप पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहे. डोंगरपायथ्याशी ठाकर व कातकरी यांच्या वाड्या आहेत. ठाणे जिल्ह्याच्या अंबरनाथ तालुक्यातील हे गाव आता शहराच्या वेशीस येऊन टेकले असून खाचरांच्या जागी कोठे इमारती तर कोठे रोपवाटिका उभ्या राहिल्या आहेत. तरीही मृगाचा पहिला पाऊस पडला की वाडीवरच्या बाया शेवळांच्या जुड्या व कोवळ्या पाल्याचे वाटे घेऊन बाजारात येऊन बसतात. त्याच वेळी, गाडीने तासा-दीड तासावर असलेल्या मुंबईच्या मोठ्या दुकानांतून ‘मोरिंगा’ नावाची हिरवी भुकटी सुबक डब्यांतून विकली जाते. हा मोरिंगा म्हणजे दुसरेतिसरे काही नसून शेवग्याचा वाळवलेला पाला होय. वांगणीच्या कित्येक परसांत हे झाड उभे असते. त्याच्या शेंगा आमटीत पडतात आणि पाला शेळीपुढे पडतो.

ज्या पदार्थांना हल्ली ‘सुपरफूड’ म्हणून गौरविले जाते, त्यांची यादी पाहिली तर तीत नाचणी, शेवगा, आवळा, राजगिरा, तीळ अशी ओळखीची नावे वरचेवर भेटतात. सुपरफूड हा शब्द बाजाराचा आहे. पोषणशास्त्रात त्याची नेमकी व्याख्या नाही. शास्त्रात याच्या जवळचा जुना शब्द आहे तो ‘संरक्षक अन्न’ हा. अमेरिकेतील एल्मर मॅककॉलम या शास्त्रज्ञाने १९१८च्या सुमारास तो रूढ केला व त्यात प्रामुख्याने दूध आणि हिरवा पाला यांचा समावेश केला. पोट भरणारे धान्य शरीरास उष्णता व शक्ती देते. परंतु हाडे, रक्त, डोळे व कातडी यांच्या संरक्षणास जी द्रव्ये लागतात ती त्या धान्यात पुरेशी नसतील तर दुसऱ्या अन्नातून मिळवावी लागतात, असा त्या शब्दामागील विचार होता. दोन शब्दांमधला फरक ध्यानात घेण्याजोगा आहे. ‘सुपरफूड’ म्हटले की एकाच पदार्थाच्या अंगी अद्भुत गुण असल्याचा भास होतो. ‘संरक्षक अन्न’ म्हटले की ताटात काय उणे आहे, असा प्रश्न प्रथम मनात येतो. शाळेत शिकविण्यास दुसरा शब्दच अधिक उपयोगी.

वांगणीच्या ताटात उणे काय आहे, हे समजण्यासाठी भातापासूनच आरंभ केला पाहिजे. येथील मुख्य अन्न भात. पूर्वी तो उखळात मुसळाने सडला जाई. त्यामुळे दाण्यावरील तांबूस थर बऱ्याच अंशी टिकून राही. गिरणी आली आणि तांदूळ पांढराशुभ्र होऊ लागला. या शुभ्रतेची किंमत काय, हे जगास कोंबड्यांनी शिकविले. १८९०च्या सुमारास जावा बेटावर क्रिस्तियान आइकमन नावाचा डच वैद्य बेरीबेरी या रोगाचा अभ्यास करीत होता. त्याच्या प्रयोगशाळेतील कोंबड्यांचे पाय एकाएकी लुळे पडू लागले. चौकशी करता असे आढळले की, त्यांना काही दिवस रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातील सडलेल्या तांदळाचा उरलेला भात घातला जात होता. पुढे नव्या स्वयंपाक्याने हा भात देण्याचे नाकारले; कोंबड्यांना पुन्हा न सडलेला तांदूळ मिळू लागला आणि त्या बऱ्या झाल्या. पांढऱ्या तांदळात काही विष असावे असे आइकमनला प्रथम वाटले. त्याचा सहकारी खेरिट ग्रेन्स याने १९०१ साली खरे कारण सांगितले : दोष तांदळात असलेल्या वस्तूचा नसून त्यातून गेलेल्या वस्तूचा आहे. ती वस्तू म्हणजे ‘ब’ गटातील पहिले जीवनसत्त्व. आइकमनला १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

या शोधाचे धागे भारतातही पोहोचले. १९१८ साली रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी दक्षिणेत कुन्नूर येथे बेरीबेरीच्या चौकशीसाठी एक लहानसे केंद्र काढले. तेच वाढत जाऊन १९५८ साली हैदराबादेस गेले व आज राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखले जाते. भारतीय अन्नपदार्थांत कोणती द्रव्ये किती आहेत याची कोष्टके ही संस्था प्रसिद्ध करते. २०१७च्या कोष्टकांत ५२८ पदार्थांचे पृथक्करण आहे. त्यानुसार न सडलेल्या १०० ग्रॅम तांदळात वरील जीवनसत्त्व सुमारे ०.२७ मिलिग्रॅम असते व सडलेल्यात अवघे ०.०५. लोह व चुना, म्हणजे कॅल्शियम, यांची स्थिती याहूनही शोचनीय आहे. पांढऱ्या तांदळाच्या १०० ग्रॅममध्ये चुना साडेसात मिलिग्रॅम आणि लोह पाऊण मिलिग्रॅमहूनही कमी.

भात वाईट आहे असा याचा अर्थ नव्हे. तो पचण्यास हलका आहे, मुलांना आवडतो आणि या मातीत पिकतो. परंतु ताटात तो एकटाच असला, किंवा त्याच्याबरोबर पातळ आमटीचे पाणी तेवढे असले, तर पोट भरूनही मूल उपाशीच राहते. ही उपासमार डोळ्यांस दिसत नाही. दुपारच्या तासाला पेंगणारा मुलगा, खेळताना लवकर धापा टाकणारी मुलगी, पाढे कालचे आज विसरणारे मूल हे आळशी ठरविले जाते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांपैकी शेकडा ६८.९ बालकांत रक्तक्षय आढळला. हीच बालके एक-दोन वर्षांनी पहिलीच्या वर्गात येऊन बसतात. रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत. पोटातील जंत व काही समाजांत आढळणारा सिकलसेलचा आनुवंशिक विकार हीही त्यांत मोडतात. यास्तव शाळेत मिळणारी लोहाची गोळी व जंतनाशक गोळी यांची जागा कोणतीही भाजी घेऊ शकत नाही. परंतु गोळी आठवड्यातून एकदा मिळते आणि अन्न रोज.

आता नाचणीकडे वळू. भाताची खाचरे सपाटीवर आणि नाचणी-वरी डोंगरउतारावरील वरकस जमिनीत, ही कोकणातील जुनी वाटणी आहे. वरकस जमीन म्हणजे हलकी, उथळ व उताराची. तीत पाणी साचत नाही, म्हणून भात होत नाही. नाचणीस मात्र ती चालते. रोपे तयार करून पावसात लावायची आणि पाऊस सरला की कणसे खुडायची. कणसे नीट वाळवून ठेवली तर दाणा वर्षानुवर्षे टिकतो व त्यास सहसा कीड लागत नाही. डोंगरपट्ट्यातील कुटुंबांचा तो अडीअडचणीचा साठा असे. हलक्या जमिनीचे हे पीक हलक्या माणसांचे अन्न मानले गेले, आणि हाच त्याच्या इतिहासातील खेदाचा भाग होय. काळसर भाकरी घरी खाणारे मूल शाळेत तिचा तुकडा आणण्यास लाजते. डब्यात पांढरा भात किंवा दुकानातला बिस्किटांचा पुडा असला की त्याची मान ताठ राहते. घरच्या वडील माणसांनाही मुलाच्या या लाजेपुढे हार पत्करावी लागते आणि हळूहळू नाचणीचा पेरा कमी होतो. संयुक्त राष्ट्रांनी भारताच्या प्रस्तावावरून २०२३ हे वर्ष आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळले. त्याआधी २०१८ साली केंद्र सरकारने या धान्यांना ‘पौष्टिक तृणधान्ये’ असे अधिकृत नाव दिले. नाव पालटले, शहरातील उपाहारगृहांत नाचणीचे डोसे मिळू लागले. वर्गातील लाज मात्र परिपत्रकाने जात नाही. ती शिक्षकाच्या एका शब्दाने जाते. मधल्या सुट्टीत गुरुजींनी किंवा बाईंनी स्वतःच्या डब्यातून नाचणीची भाकरी काढली, तर जे काम होते ते फळ्यावरच्या आकृतीने होत नाही.

नाचणीचे आकडे मुलांना गणिताच्या तासाला देता येतील. १०० ग्रॅम नाचणीत चुना सुमारे ३६४ मिलिग्रॅम असतो. गाईच्या १०० ग्रॅम दुधात तो सुमारे ११८ असतो. एका भाकरीस ५० ग्रॅम पीठ लागते असे धरले, तर दोन भाकऱ्यांत ३६४ मिलिग्रॅम चुना आला. सात ते नऊ वर्षांच्या मुलास दिवसाला ६५० मिलिग्रॅम चुना लागतो, असे २०२०च्या शिफारशी सांगतात. म्हणजे निम्म्याहून अधिक गरज दोन भाकऱ्यांत भागते. आता तेवढाच चुना पांढऱ्या तांदळातून मिळवायचा तर किती तांदूळ शिजवावा लागेल? चौथीतील मुलांनी त्रैराशिक मांडले की उत्तर जवळजवळ पाच किलो येते. उत्तर ऐकून वर्ग हसतो, आणि हसल्यामुळे ते लक्षात राहते.

तथापि आकड्यांनी भुलून जाण्याचेही कारण नाही. नाचणीतील प्रथिने तांदळाहून अधिक नाहीत, किंबहुना किंचित कमीच आहेत. म्हणून तिच्या जोडीस डाळ, वाल, अंडे किंवा मासळी लागतेच. भाताच्या कापणीनंतर खाचरातील ओलीवर वाल घेण्याची या पट्ट्यातील जुनी रीत याच दृष्टीने शहाणपणाची आहे. वालाचे बिरडे व नाचणीची भाकरी ही जोडी दुकानातील कोणत्याही डब्यास भारी पडेल. सुकट-जवळ्यासारखी काट्यांसकट खाल्ली जाणारी सुकी मासळी चुना व प्रथिने दोन्ही पुरविते. दुसरी गोष्ट अशी की, धान्यात असलेले सर्वच लोह व चुना शरीरास मिळत नाहीत. दाण्याच्या सालीतील फायटेट नावाचे द्रव्य त्यांना बांधून ठेवते. ही गाठ सोडविण्याच्या युक्त्या घरोघरच्या स्वयंपाकात पूर्वीपासून आहेत. नाचणी रात्रभर भिजत घालून, फडक्यात बांधून मोड आणले की फायटेट बरेच घटते. मोड आलेली नाचणी वाळवून, मंद भाजून दळली की तिच्या पिठाची पेज घट्ट होत नाही; त्यामुळे लहान मुलाच्या वाटीभर पेजेत अधिक पीठ मावते. ज्या बाळाचे पोटच वाटीएवढे, त्याच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. आंबिलीसाठी पीठ आंबविण्याची रीतही हेच काम करते.

लोहाच्या बाबतीत आंबट पदार्थ मित्र आणि चहा शत्रू असे मुलांना सांगितले तर ते विसरत नाहीत. लिंबू, आवळा, कच्ची कैरी यांतील ‘क’ जीवनसत्त्वामुळे भाजीभाकरीतील लोह रक्तात उतरण्यास साहाय्य होते. चहातील तुरट द्रव्य त्यास अडविते. सकाळी चहात भाकरी बुडवून खाण्याची सवय घरोघर आहे आणि ती एकाएकी मोडणार नाही. परंतु चहा भाकरीनंतर तासाभराने घ्यावा व भाकरीबरोबर लिंबाची फोड किंवा आवळ्याचे लोणचे असावे, एवढे पालकसभेत सांगण्यासारखे आहे. यास पैसा लागत नाही. (लहान मुलांना चहा देऊच नये हे खरे, पण जे घडते त्याचाच विचार प्रथम केलेला बरा.)

शेवग्याच्या पाल्याची योग्यता याहून मोठी आहे. १०० ग्रॅम ताज्या पाल्यात सुमारे ३१४ मिलिग्रॅम चुना, साडेचार मिलिग्रॅम लोह, सहा ग्रॅमांहून अधिक प्रथिने आणि १०८ मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व असते. डोळ्यांस आवश्यक अशा ‘अ’ जीवनसत्त्वाचे मूलद्रव्य तर विपुलच. पालकाच्या भाजीतील चुना ऑक्झलेटमुळे फारसा अंगी लागत नाही. शेवग्याच्या पाल्यात ती अडचण पुष्कळ कमी आहे. दक्षिण कोकणात गोकुळाष्टमीस शेवग्याच्या पाल्याची भाजी करण्याची चाल आहे, ती त्या दिवसापुरती न ठेवता नित्याची करावी. पाला धुवून मग चिरावा, चिरून धुऊ नये. झाकण ठेवून थोड्या पाण्यात थोडाच वेळ शिजवावा, कारण ‘क’ जीवनसत्त्व पाण्यात विरघळते व उष्णतेने नाश पावते. आणि त्यास तेलाची फोडणी अवश्य द्यावी, कारण ‘अ’ जीवनसत्त्व स्निग्ध पदार्थाशिवाय शोषले जात नाही. डब्यातील भुकटीचा चमचा आणि ताज्या पाल्याची वाटी यांत मुलाच्या पोटात अधिक काय जाते, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

रानभाज्यांचा विचार थोडा निराळा करावा लागतो. पहिल्या पावसानंतर शेवळे येतात, मग टाकळा, कुरडू, भारंगी, पुढे कंटोळी. वर्षातील ज्या दिवसांत घरातील साठा आटलेला असतो व नवी भाजी हाती आलेली नसते, नेमक्या त्याच दिवसांत रान ही भाजी देते. ती कोठे उगवते, तिचा कोणता भाग घ्यावा आणि किती कोवळा असताना घ्यावा, हे ज्ञान वाडीवरच्या आजीपाशी आहे, पुस्तकात नाही. शेवळाचेच उदाहरण घ्यावे. हे सुरणाच्या जातीचे रोप असून त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. ते घशात टोचतात व खाज सुटते. म्हणून शेवळांबरोबर काकड या झाडाची आंबट फळे किंवा चिंच घालून भाजी चांगली शिजवितात. काकडाची फळेही बाजारात त्याच बाईच्या टोपलीत शेवळांशेजारी ठेवलेली असतात. माहीतगार गिऱ्हाईक दोन्ही घेते, नवखे फक्त शेवळे घेते आणि पस्तावते.

यास्तव रानभाजी मुलांनी आपल्या मनाने तोडून खाऊ नये, हा नियम शिक्षकांनी कडक पाळावा. सारख्या दिसणाऱ्या पानांत विषारीही असतात. उलट, आषाढ-श्रावणात एक दिवस वाडीवरच्या जाणत्या बाईस शाळेत बोलावून तिच्याकडून दहा भाज्या ओळखून घ्याव्या. कृषी खात्यातर्फे पावसाळ्यात रानभाजी महोत्सव भरविले जातात. शाळेतील हा दिवस त्याचेच लहान रूप होईल. त्यात एक लाभ असा की, ज्या मुलीची आजी त्या दिवशी वर्गापुढे खुर्चीवर बसेल, त्या मुलीस आपल्या घरच्या अन्नाची लाज वाटण्याचे कारण पुढे उरणार नाही. खाचरे विकली गेली, डोंगराकडची वाट कुंपणाने अडली, तर ही ओळख एका पिढीत पुसली जाईल; तिचे टिपण मुलांच्या वह्यांत असणे बरे.

शाळेच्या माध्यान्ह भोजनात यांपैकी काय बसते, हाही व्यवहाराचा प्रश्न आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी देशभर सुरू झालेल्या या योजनेत आरंभी बहुतेक ठिकाणी कोरडे धान्य वाटले जाई. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिजविलेले अन्न देण्याचा आदेश दिला. २०२१ पासून ती प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण योजना या नावाने चालते. पहिली ते पाचवीच्या मुलामागे १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी व ५ ग्रॅम तेल असे तिचे प्रमाण असून त्यातून ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत अशी अपेक्षा आहे. धान्य वरून येते, ते बदलणे शाळेच्या हाती नाही. हाती आहे ती भाजी. ५० ग्रॅमांपैकी २० ग्रॅम शेवग्याचा पाला आमटीत घालावयाचा ठरविल्यास चाळीस मुलांच्या शाळेस एका वेळी ८०० ग्रॅम पाला पुरतो. आठवड्यातून दोनदा म्हटले तरी शाळेच्या आवारातील पाच-सहा झाडे हा भार सहज उचलतील. पहिल्या दिवशी काही मुले हिरवी आमटी बाजूस सारतील. पाला बारीक चिरून डाळीबरोबरच घोटला तर हा विरोध आठवडाभरात मावळतो. स्वयंपाक करणाऱ्या बाईंना पाला निवडण्याचे काम वाढते, हेही विसरू नये. डहाळ्यांवरून पाला ओरपण्याचे काम वरच्या वर्गातील मुले प्रार्थनेपूर्वी दहा मिनिटांत उरकू शकतात.

शेवगा लावण्यास खर्च नाही. पावसाच्या आरंभी मनगटाएवढ्या जाडीची, तीन-चार फूट लांबीची फांदी घेऊन ती पाणी न साचणाऱ्या जागी फूटभर खोल पुरावी. वांगणीच्या काळ्या, चिवट खाचरजमिनीत ती कुजण्याचा संभव असल्याने बांधावरची किंवा भिंतीलगतची उंचवट्याची जागा निवडावी. गुरे व शेळ्या कोवळा पाला प्रथम खातात, म्हणून काटेरी कुंपण त्याच दिवशी घालावे, दुसऱ्या दिवशी नव्हे. फूट कमरेएवढी वाढली की शेंडा खुडावा. मग झाड उंच न जाता बाजूने फांद्या धरते आणि तिसरीतल्या मुलाचाही हात पाल्यास पोहोचतो.